टीव्हीतल्या डॉक्टरांना पाय कसा दाखवायचा

आमच्या धाकट्या आत्येइतकं पायांना भिणारं माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात शोधून सापडायचं नाही. दुसऱ्यांच्या नव्हे, स्वतःच्याच. आपला पाय कुणाला लागेल आणि कुणाचा अपमान होईल, या धास्तीत तिचा जन्म गेला. चुकून माणसाला पाय लागला तर आपण सगळेच हात जोडतो. आत्या होडीला जोडते, जाळ्याला जोडते, एसटीत बाकाखाली ठेवलेल्या परक्याच्या पिशवीलाही जोडते. एकदा मांजराच्या शेपटीवर पाय पडला, तर नमस्कार करायला म्हणून ती त्याच्यामागे घरभर फिरली, आणि ते बिचारं आता लाथच बसणार अशा समजुतीने माळ्यावर चढून बसलं. भिंतीवर देवाचं कॅलेंडर लागलं की तिच्या अंथरुणाची दिशा बदलते. मी एका दिवाळीत निव्वळ चावटपणा म्हणून चारी भिंतींना चार कॅलेंडरं लावली. ती मुकाट्याने पडवीत झोपायला गेली आणि मला आठवडाभर चहा मिळाला नाही.

आणि हेच पाय ती खाडीत मात्र कसेही टाकायची. सुकती लागून पाणी ओसरलं, खडक उघडे पडले, की कोयती नि टोपली घेऊन आत्या कालवं काढायला उतरे, तीही अनवाणी. कालवांची शिंपली म्हणजे ब्लेडच. पण चपला घातल्या तर पायाला खडक समजत नाही, असं तिचं म्हणणं. नवरा लवकर गेला, त्यानंतर घर त्या कालवांवर चाललं. पण पोटासाठी खाडीत जाते असं काही तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. माहेरी जावं तशी ती जायची.

मग तपासणीत साखर निघाली आणि एका सुकतीला तळव्यात कालव घुसलं. महिना झाला तरी जखम भरेना, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय राहील का जाईल, हे त्यांना एकटीने ठरवता येत नाही. दवाखान्यात नुकतंच एक यंत्र बसलं होतं, त्यातून मुंबईचे मोठे डॉक्टर पेशंट बघत. मोबाइल तेव्हा घरात एखादाच असे. मीही जरा गांगरलो, पण शिकलेला माणूस म्हणून मान हलवली.

आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून आली. डॉक्टरांसाठी डब्यात कालवांचं सुकं. डॉक्टर टीव्हीत दिसणार हे मी वाटेत तीनदा सांगितलं होतं, तरी ती दाराकडे बघत बसली. पडद्यावर चेहरा आला तेव्हा तिने हळूच मला विचारलं, "माका ते दिसतत. तेंका मी दिसतंय काय?" दिसतेस म्हटल्यावर तिने आधी त्यांचं जेवण झालं का ते विचारलं. तिकडून उत्तर यायला दोन-तीन श्वासांचा वेळ लागे. आत्येला वाटलं, हे काहीतरी वाईट सांगायचं टाळतायत. मग तीच त्यांची समजूत घालायला लागली, की काय ते सांगून टाका, मी घाबरत नाही. तेवढ्यात तिकडून आलं, "हो, जेवलो." असा घोळ बराच वेळ चालला.

मग ते म्हणाले, पाय दाखवा.

आत्येने पाय लुगड्यात ओढून घेतला. कॅमेरा होता पडद्याच्या डोक्यावर. तळवा त्याच्यासमोर धरायचा म्हणजे थेट डॉक्टरांच्या तोंडासमोर धरायचा. मी समजावलं, बाईंनी समजावलं, मला राग येणार नाही असं खुद्द डॉक्टरांनी मुंबईहून सांगितलं. न बघता काही ठरवता येणार नाही आणि उशीर झाला तर गुडघ्याखालून कापावा लागेल, हेही सांगितलं. आत्येच्या डोळ्यांत पाणी आलं. "कापलो तर कापूंदेत," ती मला म्हणाली. "पण देवासारख्या माणसाच्या तोंडार पाय धरूक सांगू नको."

माझं डोकंच फिरलं. एका चेहऱ्यापायी ही बाई पाय घालवायला निघाली होती, आणि तो चेहरा म्हणजे तरी नुसती काच. रागाच्या भरात मी खांद्यावरचा टॉवेल काढून पडद्यावर टाकला. कॅमेरा उघडा, डॉक्टर झाकलेले. आत्येने दोनदा खात्री करून घेतली, डोळे मिटले आणि पाय वर केला. टॉवेलखालून आवाज येत राहिला, इथे दाबा, आता तिथे, आणि बाई दाबत राहिल्या. हात बाईंचा आणि दाबून बघतायत ते टॉवेलखालचे डॉक्टर, तर दुखलं हे नेमकं सांगायचं कुणाला, ते तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

एक बोट जाईल, पाय राहील, असं ठरलं. पण यापुढे खाडीत उतरायचं नाही, चपला घालूनसुद्धा नाही. आत्येने टॉवेलला हात जोडले.

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच खोलीत बसलो. जखम छान भरली होती, डॉक्टर खूश होते. आता काही त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं.

"सुकती लागली काय माका घरात बसवणा नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बहुतेक माझ्याकडेच. मी म्हणालो, "काही त्रास नाही म्हणतायत." त्यांनी छान म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात चपलेचा पट्टा लावताना आत्या म्हणाली, बरं केलंस, इतक्या लांब बसून ते तरी काय करणार. खाडीचं पाणी तेव्हा ओसरायला लागलं होतं. मी रिक्षावाल्याला खाडी टाळून लांबच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं.