साहेब, गाडी नेऊ का?

पाहुण्यांसमोर साहेबांनी माझा मेसेज मोठ्यानं वाचला. अडखळत, माझी नक्कल करत. "सायेब बायकोला साप चावला गाडी नेऊ का." पाहुणे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभा.

"पानभर उत्तर दिलं मी याला. लगेच. तरी गाडी नेलीच. सातवीतून शाळा सोडलेल्याला काय कळणार."

खोली साहेबांची, काम साहेबांचं. हिंगोलीहून आम्ही नवराबायको एक पिशवी घेऊन आलो, तेव्हा पासलीजवळच्या या फार्महाउसवर त्यांनीच ठेवून घेतलं. ते मी विसरत नाही. म्हणूनच घाबरतो. इथला नियम असा, की साहेबांचं हो आल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

त्या दुपारी गवत कापताना बायकोच्या पायाला साप चावला. फोन केला, साहेबांनी कट केला. मेसेज टाकला. लगेच उत्तर आलं, लांबलचक. अक्षर लावत लावत वाचलं. घाबरू नका. चावलेला भाग हलवू नका. रुग्णास तातडीने रुग्णालयात न्या. 'हो' कुठंच नाही. 'नाही' पण नाही. शेवटी, आणखी काही मदत हवी आहे का? मी लिहिलं, हो साहेब, गाडी नेऊ का. तर आलं, वाहन चालवताना सीट बेल्ट लावा.

तिचा पाय सुजत चाललेला. शेजारच्या आत्या खाचरातून धावत आल्या.

"त्यो व्हय म्हनतोय का न्हाई?"

"कळंना, आत्या. लई लिहिलंय."

"मंग मोबाईल ठिव खिशात. चावी घे."

घेतली. वेल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. ती वाचली.

आता एक पाहुणा साहेबांच्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाला, "अरे, हे तर एआयनं लिहिलंय. तू वाचलंस तरी का?"

साहेब म्हणाले, मीटिंगमध्ये होतो. याचा प्रश्न तिकडं टाकला, आलं ते इकडं चिकटवलं.

शेजारी ती विव्हळत होती, आणि मी एकेक अक्षर साहेबांचा शब्द म्हणून वाचत होतो. त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

ट्रे खाली ठेवला.

"साहेब, मी तुम्हाला विचारलं होतं. मशीनला नाही. हो म्हणा, नाही म्हणा, पण तुमच्या तोंडानं. असलं उत्तर मला परत पाठवू नका."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, उद्या बोलू.

उद्या काय बोलतील, कल्पना आहे. इथून निघालो तर कुठं जायचं, ठाऊक नाही. पण तिच्या जिवासाठी मी पुन्हा कुणाच्या परवानगीची वाट बघणार नाही.