गोलकीपरचं बोट
गरम हळदीचा वास आला की मला सांगलीचं ते मैदान आठवतं. माझा थोरला मुलगा गोलकीपर होता आणि आठ दिवसांनी साताऱ्यात त्याची सैन्यभरती होती. तिथल्या सामन्यात चेंडू अडवताना त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मागे वळली. मी त्याला दवाखान्यात न्यायला उठले, तर त्याच्या खेळाच्या सरांनी बोट ओढून फडक्याने बांधलं. "आवं वहिनी, दहाच मिनिटं ऱ्हायलीत. मरत न्हाई तो." सामना जिंकला. भरतीत डॉक्टरने वाकडं बोट बघून त्याला रांगेतून बाहेर काढलं. पुढे सर जिंकलेली ढाल दाखवायला घरी आले. मी म्हटलं, "ती ठेवा खाली, आन् ह्याला बंदुकीचा घोडा वढायला शिकवा." परवा त्यांच्या सत्काराची पत्रिका आली. ती मी चुलीत घालून त्याच्या बोटाला लावायची हळद गरम केली. थंडीत ते बोट अजून ठणकतं.