सातवीच्या वर्गात मी हसलो होतो

"ये रे मेंढक्या, आत ये. आता तूच सांग ह्यांना."

गुरुजी असं म्हणाले तेव्हा मी सातवीच्या दारात उभा होतो. खांद्यावर महाराष्ट्राचा नकाशा, गुंडाळलेला. अंगावर शिपायाचे खाकी कपडे. वर्गात तिसऱ्या रांगेत एक पोरगी उभी केलेली. खाली मान. ती माझी सोजर.

सवाल फळ्यावर लिहिलेला होता. मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो. मी चपला बाहेर काढल्या, आत गेलो, नकाशा खिळ्याला अडकवला, सरळ केला. आणि सांगितलं.

"ढग पच्छिमेकडून येतात. सह्याद्रीवर चढतात. तिथंच वझं उतरवतात. आपल्याकडं येस्तोवर रिकामे व्हतात. आपुन डोंगराच्या आडोशाला हाय."

जबाब बरोबर होता. पण पोरं हसली. पच्छिम म्हणालो म्हणून, वझं म्हणालो म्हणून. गुरुजी पोरांना म्हणाले, "बघा. मेंढरामागं फिरणाऱ्याला येतं, आणि ह्याच्या पोरीला येत नाही. मग हिनं पुढं काय करायचं?"

मागच्या बाकावरून एकानं मेंढरागत आवाज काढला. बॅऽऽ. सगळा वर्ग खदखदला.

आणि मी हसलो.

हे लिहायला मला चाळीस वर्षांहून जास्त लागली. गुरुजी काय बोलले ते मी चार लोकांत कितीदा तरी सांगितलंय. मी हसलो हे कुणाला सांगितलं नव्हतं. हसलो, कारण सातवीचा सवाल मला आला होता. दुसरी शिकलेल्या माणसाला. छाती फुगली होती. पोरगी समोर उभी आहे हे मला दिसत होतं, आणि तरी मी हसलो.

आमच्या गावात शाळा आली ती पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर. करमाडच्या बाजूचं आमचं गाव. त्याआधी बापाला कागद वाचून घ्यायचा असला की दुसऱ्या गावी जावं लागायचं, आणि वाचणारा वाचून दाखवायच्या आधी बापाकडून अंगण झाडून घ्यायचा. म्हणून शाळा आल्याबरोबर बापानं मला नेऊन बसवलं. दोन वर्षं बसलो. मग दुष्काळी साल आलं, मेंढरं लांब न्यावी लागली, कन्नडच्या घाटापर्यंत. शाळा सुटली ती सुटलीच. लिहायला येतं, पण अक्षर पांगलेल्या मेंढरागत. ओळीत राहत नाही.

पुढं त्याच शाळेत शिपाई म्हणून लागलो. तोवर शाळा सातवीपर्यंत झाली होती. घंटा देणं, पाणी भरणं, झाडणं आणि गुरुजी मागतील ते सामान वर्गात नेणं. मला पुस्तक कुणी दिलं नाही. पण सत्रात पोरं काय शिकतायत ते मला माझ्या खांद्यावरून कळायचं. नकाशा मागितला की भूगोल. पृथ्वीचा गोल मागितला की दिवस-रात्र. चुंबक आणि लोखंडाचा कीस मागितला की सहावी. काचेची बरणी, परात आणि मेणबत्ती मागितली की सातवीचा हवेचा धडा. सामान ठेवायचं आणि निघून जायचं असा रिवाज. मी निघायचो, पण ओट्यावरच रेंगाळायचो. हातात झाडू, कान आत. दरसाल तेच धडे. दरसाल मी नव्यानं ऐकायचो. मेंढरामागं फिरताना जे डोळ्यानं पाहिलं होतं, ढग घाटावर अडतात ते, त्याला पुस्तकात पर्जन्यछाया असं नाव आहे हे कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. कुणाला सांगू असं झालं होतं.

हे गुरुजींना ठाऊक होतं. गुरुजी मोठ्या घरचे. बागायत, जीप, भाऊ पुढारी. वयानं माझ्याहून लहान, मी अहो-जाहो करायचो, ते अरे-तुरे. मला कधी विचारलं, काय रे, काय कळलं, तर मी सांगायचो. मला ती मेहेरबानी वाटायची. एवढा खुळा होतो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सोजर माझ्यासाठी थांबली नाही. रोज मी कुलपं लावेपर्यंत थांबायची, मग आम्ही दोघं वस्तीवर चालत जायचो. मी तिला नाल्यापाशी गाठलं. ती तशीच चालत राहिली.

"मला येत व्हतं, आबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलायला लागले होते. 'आपुन डोंगराच्या आडोशाला' एवढं मी म्हणाले, तर गुरुजी म्हणाले, आधी माणसासारखं बोलायला शीक. मग उभं केलं.

म्हणजे तोच जबाब. त्याच बोलीत. तिनं दिला तर तो गुन्हा. मी दिला तर ती करमणूक.

थोडं पुढं जाऊन ती थांबली. माझ्याकडं वळून बघितलं. बारा वर्षांची पोरगी.

"ते हसले ते हसले. तुम्ही काय म्हणून हसला?"

मी दगड चुकवत चालल्यासारखं खाली बघत चाललो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दप्तर खुंटीला. ती माझ्या आईबरोबर मेंढरामागं गेली. घरात कुणाला काही वाटलं नाही. आई म्हणाली, सहा इयत्ता लई झाल्या, पोरीच्या जातीला आणखी किती पाहिजेत. शाळेत मी घंटा द्यायचो, सातवीच्या दारावरून जायचो, तिसऱ्या रांगेतली जागा मोकळी दिसायची. गुरुजींनी विचारलं नाही. एक बाक मोकळा होऊन पडलाय, त्याला कारण मी आणि ते, दोघं. पण हजेरीत तिच्या नावापुढं नुसती फुली.

त्याच आठवड्यात तपासणी आली. तालुक्याचे साहेब येणार. हेडमास्तरांनी मला बोलावलं, खुशीत होते. म्हणाले, साहेबांना एक गंमत दाखवू. सातवीत गुरुजी बरणीचा प्रयोग करतील, मेणबत्ती विझेल, मग तुला विचारतील का विझली. तू तुझ्या पद्धतीनं सांग. आमच्या शाळेतला शिपाईसुद्धा सातवीचं सांगतो, साहेब खूश होतील. आणि हसत म्हणाले, ते 'वझं-बिझं' म्हणतोस ना, तसंच म्हण.

मी 'जी' म्हणून बाहेर आलो. बाहेर आल्यावर मात्र डोक्यात एकदम उजेड पडला. ह्यांना माझा जबाब नकोच आहे. दरवेशी अस्वल आणतो, अस्वल सलाम करतं, लोक हसतात. अस्वलाला सलामाचा अर्थ कळतो का, हे कुणी विचारतं का?

घरी जाऊन सोजरला म्हणालो, उद्या तपासणी आहे, शाळेत ये. ती नको म्हणाली. मी म्हणालो, एकदा ये. ती कोकराचं अंग चाचपत बसली. मग म्हणाली,

"तुम्ही हसणार नसाल तर येते."

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत होती. वेणी घट्ट, फ्रॉक धुतलेला. साहेब खुर्चीवर, बाजूला हेडमास्तर. मी परात ठेवली, पाणी ओतलं, मेणबत्ती उभी केली, पेटवली. गुरुजींनी बरणी पालथी घातली. ज्योत बारीक झाली, हलली, गेली. बरणीत पाणी वर चढलं. गुरुजी माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर तोच भाव, त्या दिवशीचा.

"हां, सांग रे मेंढक्या साहेबांना. का विझली मेणबत्ती?"

पोरं हसायच्या तयारीत होती. काहींनी तोंडावर हात धरले होते.

"गुरुजी, सामान आणायचं माझं काम, ते मी केलं. जबाब द्यायचं काम पोरांचं. तिसऱ्या रांगेत माझी पोरगी बसलीय, तिला येतं. तिला विचारा. आन् तिच्या बोलीत देईल तर तिच्या बोलीत ऐका. मी इथं हसवायला आलो नाय."

एवढंच बोललो.

सोजर उभी राहिली होती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग गुरुजींकडं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं. म्हणाले, पुढचा वर्ग बघू या. आणि उठले. तिला कुणी विचारलंच नाही. तिघं बाहेर गेले. वर्गात पोरं, ती परात आणि मी. सोजर अजून उभी. मी तिला म्हणालो, "सांग सोजर, का विझली?"

तिनं ओठ हलवले. आवाज निघाला नाही. वर्गही हसला नाही. मी परात उचलली.

नाल्यापाशी आल्यावर ती चालता चालता आपणच बोलायला लागली. आतली हवा जळायला पुरली तेवढी पुरली, मग विझली. सगळा धडा सांगितला तिनं, पहिल्यापासून. वाटेला सांगितला. मी ऐकत मागून चाललो.

मला त्याची किंमत पडली. माज आलाय म्हणून हेडमास्तरांनी मला फाटकावर बसवलं. वर्गाच्या ओट्यावर फिरकायचं नाही. नकाशे दुसरा नेणार, बरणी दुसरा नेणार. पुढची सगळी वर्षं पोरं आत काय शिकतायत ते मला कळलं नाही. घंटा तेवढी ऐकू यायची. नोकरीतलं मला गोड लागायचं ते एवढंच होतं. तेच काढून घेतलं.

सोजर पुन्हा शाळेत यायला लागली, सातवी झाली. दहावीपर्यंत रेटली. कलेक्टर-बिलेक्टर काही झाली नाही. कन्नडकडं दिली, तिथं अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना गाणी शिकवते म्हणतात. पण आजसुद्धा चार माणसांत बोलायला उभी राहिली, की आधी सगळ्यांच्या तोंडाकडं बघून घेते. कोण हसतंय का. मी पाहिलंय. ती नजर मी तिला दिली, गुरुजींनी एकट्यानं नाही.

आता मी संभाजीनगरात धाकट्या मुलाकडं असतो. त्याची मुलगी, माझी नात, क्रांती चौकापलीकडच्या शाळेत सातवीला आहे. या सत्रात त्यांना आपला प्रदेश, पाऊस, लोकांचे धंदे असं चाललंय. मी तिची पुस्तकं वाचतो, बोट ठेवून, हळू. त्यात पर्जन्यछाया आहे. अजून आहे.

परवा तिच्या बाईंचा निरोप मुलाच्या फोनवर आला. गुरुवारी आजोबांना वर्गात पाठवा. घोंगडी, फेटा, काठी घेऊन. मुलांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगतील. बाई चांगल्या आहेत, मनात वाईट नाही. मुलालाही मान वाटला, त्यानं लगेच हो कळवलं. नात माझ्या मांडीला चिकटली आणि म्हणाली,

"आबा, मेंढ्यांना बोलवायचा तो आवाज काढाल ना? सगळे इतके हसतील!"

तिला काय माहीत.

मला घोंगडीची लाज नाही. माझ्या बापानं मला घोंगडीतच वाढवलं, आणि मी मरेन तेव्हा तीच अंगावर टाका असं मुलाला सांगून ठेवलंय. पण ती तमाशाला नेणार नाही. गुरुवारी मी जाणार आहे. पांढरा सदरा, धोतर, चष्मा. आवाज काढणार नाही. मला खुर्ची लागेल, ती मागून घेईन. बाईंना म्हणेन, महाराष्ट्राचा नकाशा लावा, नसला तर आणेपर्यंत मी थांबतो. आधी माझ्या नातीला विचारा, आपल्याकडं पाऊस कमी का. तिला तिच्या बोलीत सांगू द्या, पूर्ण, मधे तोडू नका. मग दुसऱ्या पोरांना विचारा. सगळ्यांत शेवटी मला विचारा, म्हणजे घाटाकडं मेंढरं नेताना मी काय पाहिलं ते सांगेन.

आणि कुणी हसलं, तर मी बोलणं थांबवीन. हसणं सरेपर्यंत उठून उभा राहीन. कितीही वेळ लागू दे. ह्या खेपेला मी हसणार नाही.