आबांच्या शेजारी एक रात्र

माझ्या सासरी अंडंसुद्धा शिजत नाही. घाटावरची माणसं ती. लग्नानंतर हे पहिल्यांदा माझ्या माहेरी जेवायला बसले तेव्हा चुलीवर सुका बोंबील भाजत होता, आणि यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. माझी आई बिचारी त्यानंतर कितीतरी दिवस ओशाळलेली होती. आणि आता हाच माणूस वर्षानुवर्षं दर शनिवारी रात्री माझ्या वडिलांबरोबर नदीवर गळ टाकून बसतो. स्वतः मासा तोंडात घालत नाही. रविवारी सकाळी चिखलाच्या पायांनी येतो आणि पिशवी माझ्या ओट्यावर ठेवून झोपायला जातो. खवलं काढणारी मी, कालवण करणारी मी, मोरी घासणारीही मीच.

पण माझा जळफळाट त्यावरून नाही. खवलं काय, मी झोपेतही काढीन. जळफळाट आहे तो नदीवर आबांच्या शेजारी बसण्यावरून. ती जागा आधी माझी होती.

माझं माहेर कडावजवळ. घराच्या खालच्या अंगाला पेज नदी. डोंगरातल्या वीजघराचं पाणी तिच्यात सुटतं म्हणून इतर नद्या आटल्या तरी ही वाहती असते. आबांना माशांचा नाद पहिल्यापासून. मी परकर नेसत होते तेव्हा गांडुळं उकरायची मी, कंदील धरायची मी, आणि काठीच्या शेंड्याला बांधलेलं घुंगरू वाजलं की आबांना कोपरखळी मारायचीही मी. नदीच्या मधोमध एक मोठा सपाट दगड आहे, दोन खाटा मावतील एवढा. त्याच्यावर आम्ही दोघं रात्रभर बसायचो. मग मी मोठी झाले. एका शनिवारी मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर आबा म्हणाले, "आता तू घरीच थांब गं बाय." इतकंच. आईनं मला आत ओढलं. खेड्यात त्या वयाच्या मुलीला याहून जास्त कुणी समजावून सांगत नसे.

जावयाला त्यांनी नेलं ते मान म्हणून. दिवाळीला आलेला पाहुणा कंटाळलाय, जरा नदी दाखवू, एवढाच हेतू. सकाळी हे परत आले तेव्हा तोंडभर डासांच्या गांधी उठल्या होत्या आणि हसू काही मावत नव्हतं. मी म्हटलं, हौस फिटली असेल. कसली फिटतेय! पुढं आम्ही भिसेगावात घर घेतलं, यांना खालापूरकडच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि शनिवारची रात्र कायमची आबांच्या नावावर लागली. सासऱ्याला जावई मिळाला, जावयाला सासरा मिळाला, आणि मला मिळालं पीठ मळायचं काम.

हो, गळाला लावायचा गोळा मीच मळते. गव्हाचं पीठ, भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग. भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट, पण इतका घट्ट नाही की मासा तोंड लावून सोडून देईल. हे आबांनीच मला शिकवलं. "आबा म्हणत होते, बायच्या हातचा गोळा पाण्यात सुटत नाही," असं हे एकदा येऊन म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या बापानं केलेलं माझं कौतुक मला नवऱ्याच्या तोंडून कळावं, म्हणजे काय?

गळ घेऊन निघालेल्या माणसाला 'कुठं चाललात' असं विचारू नये, विचारलं की मासा लागत नाही, असं आमच्याकडं मानतात. मी मुद्दाम दारात उभी राहून विचारायची, "कुठं निघालात हो?" हे हसायचे. मासे तरीही लागायचे.

रात्रभर काय बोलता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "काही नाही. असंच." आणि मग एकदा जेवताना सहज म्हणाले, "आबांनी आईंना पहिल्यांदा पाहिलं ते नेरळच्या बाजारात. आई मिरच्यांची घासाघीस करत होत्या आणि आबांनी मध्ये पडून दुकानदाराची बाजू घेतली." माझ्या हातातला घास तसाच राहिला. आई माझी, बाप माझा, आणि ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळतेय, तीही बोंबलाच्या वासानं नाक धरणाऱ्या माणसाकडून! त्या रात्री भाकरी करपली ती चुकून नव्हे.

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा हे म्हणाले, "आबांना आता उतरण झेपत नाही. पुढच्या वर्षी नदी जमेलसं वाटत नाही." मी तेव्हाच ठरवलं. एक रात्र मला हवी. ती याच वर्षी मिळाली तर मिळाली.

"येत्या शनिवारी तुम्ही घरी थांबा. आबांबरोबर मी जाणार."

"अगं जा की. पण आबांना रात्री—"

"माझा बाप मला शिकवू नका," मी म्हटलं. वाद घालण्याचा यांचा स्वभाव नाही, आणि मला तर त्याचाही राग येतो.

शनिवारी स्कूटर घेऊन मी माहेरी पोचले. आबा पायरीवर तयार बसले होते. कानटोपी, स्वेटर, मांडीवर काठ्यांची मोळी. मला पाहून पहिलं वाक्य काय? "पावनं नाय आलं?"

"मी आले ना."

"बरं बरं," आबा म्हणाले. काठाशी मी हात पुढं केला, तर म्हणाले, "मी काय म्हातारा झालोय का?" आणि ती सगळी उतरण बसून, घसरत घसरत उतरले. पँटची मागची बाजू लाल मातीनं माखली. माझा हात तसाच पुढं राहिला.

खाली पाणी घोट्याएवढं होतं. मी सरळ मधल्या दगडाकडं निघाले. आबा काठावरच थबकले. "इथंच बसलो तर? काठावर?"

"नाही. मधल्या दगडावर. पहिल्यासारखं."

"रातीला?"

"आबा, मला तिथंच बसायचंय."

त्यांनी एकदा डोंगराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय घातला.

सुरुवातीचा वेळ इतका सुंदर गेला की मला माझा हेवा वाटला. उन्हानं तापलेला दगड अंधार पडल्यावरही खालून ऊब देत होता. हाताला हिंगाचा आणि पेंडेचा वास. दूर घाटात गाडीचं इंजिन धापा टाकत होतं. पलीकडच्या काठावर फार्महाऊसवाल्यांनी गाणी लावली होती, त्यांचा धमधम आवाज पाण्यावरून येत होता. आबा म्हणाले, "मासं पन नाचत आसतील. नाचताना गळ दिसत नाय त्यांना." आणि खरंच माझं घुंगरू वाजलं. दोरी हातात ताणली गेली, तो थरार कोपरापर्यंत आला आणि मी बारा वर्षांची झाले.

"खेचू नको! पळू दे तिला. पळू दे... हां, आता!"

चांगली कोपरभर शिंगटी होती. तिचा काटा टोचू नये म्हणून आबांनीच ती गळावरून सोडवली, चाचपडत, पण न चुकता. "हात इसरला नाय गं बाय," म्हणाले. कौतुक थेट माझ्या कानात, मधे कुणी नाही. मी मनात म्हटलं, घ्या आता, पावनं!

तेवढ्यात पाण्याचा आवाज बदलला. आधी नुसती सळसळ होती, ती जड झाली. दगडाच्या कडेला ठेवलेल्या माझ्या चपला बघता बघता तरंगल्या आणि निघून गेल्या. टॉर्च मारला तर दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं. वीजघरानं पाणी सोडलं होतं. माझ्या लहानपणी दिवेलागणीला पाणी बंद व्हायचं, ते सकाळी सुटायचं. माझ्या डोक्यात तीच वेळ पक्की होती. आबा शांत होते. "घाबरू नको. ह्यो दगड कदी बुडत नाय. फटफटलं की उतरंल."

म्हणजे उजाडेपर्यंत आम्ही दोघं त्या दगडावर. मला तर बरंच वाटलं. आता आबा कुठं जातात? आता नेरळच्या बाजारापासून सगळं ऐकते, असं म्हणत मी थर्मास उघडला. "चहा घ्या."

"नको."

"थंडी वाजतेय तुम्हाला. अर्धा कप."

"नको म्हनलं ना."

वेगानं वाहत्या पाण्यात मासा काही लागेना. घुंगरं मात्र नुसत्या ओढीनं वाजत होती, आणि प्रत्येक वेळी मी फसत होते. दगडाची ऊब केव्हाच गेली. दव पडायला लागलं, आधी केस ओले झाले, मग खांदे, मग पांघरलेली चादरही जड झाली. डासांनी मलमाला दाद दिली नाही. पाठीला ज्या बाजूनं टेकावं तिथं एक उंचवटा. हे सगळं मी आनंदानं सोसलं असतं, आबा बोलले असते तर.

"आबा, आईला पहिल्यांदा कुठं पाहिलंत हो?"

"नेरळला. तुला म्हाईत हाय की."

संपली गोष्ट. ना मिरच्या, ना दुकानदार. आबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि पुढं-मागं डुलत होते. मी काही विचारलं की 'हं'. काही सांगितलं की 'हं'. पुन्हा चहा विचारला, पुन्हा नको. मग मात्र माझा तोल गेला.

"पावन्यांच्या हातचा पिता ना? दोन दोन वेळा पिता, मला माहीत आहे."

"पावन्यांची गोष्ट येगळी हाय," आबा म्हणाले.

मी तोंड फिरवून बसले. मला रडू आलं, ते मी डासांच्या नावावर खपवलं. वाटलं, परक्या घरचा मुलगा यांना लेकीपेक्षा जवळचा. माझ्याशी बोलायला यांच्याकडं काही उरलेलं नाही. ही जागा पुन्हा माझी होणार नाही, रात्रभर शेजारी बसले तरी नाही. नवऱ्याचा असा राग मी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि तो बिचारा घरी गाढ झोपलेला असणार.

फटफटलं तसं पाणी उतरू लागलं. दगडाच्या पोटाशी ओली रेघ दिसायला लागली. आबा म्हणाले, "पावन्यांना फोन लाव."

"कशाला? थोडं थांबलो की आपण जाऊ की वर."

"लाव गं," आबा म्हणाले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी फोन लावला.

हे झोपलेले नव्हते. इतक्या लवकर आले, की अर्ध्या वाटेतच थांबले होते की काय कोण जाणे. उतरणीवरून जवळजवळ धावत आले, गुडघाभर पाण्यातून सरळ दगडापाशी. माझ्याकडं बघितलंही नाही. आबांच्या काखेत हात घातला, आबांनी गुमान यांच्या गळ्यात हात टाकला, आणि दोघं काठावरच्या करंजाच्या झाडामागं गेले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. दोघांना सवय होती.

बराच वेळ लागला त्यांना परत यायला. तेवढ्यात माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. साखरेचा आजार असलेला, लघवीला रात्रीतून चारदा उठावं लागणारा म्हातारा माणूस. चारी बाजूंना पाणी, दोन खाटांएवढा दगड, आणि समोर लेक बसलेली. चहा नको, बोलणं नको, ते डुलणं. रात्रभर! मी तोंड फिरवून बसले होते तेव्हासुद्धा त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, जळफळाट काही कमी झाला नाही. उलट वाढला. माझ्या बापाला नड आली तर त्यानं ज्याच्या गळ्यात हात टाकावा, ते माणूस मी नव्हते. मिरच्यांची गोष्ट मी कुणाकडूनही ऐकली असती. हा गळ्यातला हात मला कुणीच देणार नव्हतं.

आबांना काठावर बसवून, थर्मास त्यांच्या हातात देऊन हे दगडावर परत आले. आबा तिकडं एकामागून एक कप रिचवत होते आणि शिंगटीची गंमत नदीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होते. हे काठ्या गोळा करता करता म्हणाले, "इथं कशाला बसलात रात्री?"

"मला काय माहीत पाणी सुटेल ते?"

"तुला नसेल. आबांना माहीत आहे की. कित्येक वर्षं रात्रीचंच सुटतं. मला पहिल्या वर्षीच बजावून ठेवलंय त्यांनी, इथं बसायचं नाही म्हणून."

मी काठावर पाहिलं. आबांनी कप माझ्याकडं उंचावून दाखवला.

हे अजून दगडावरच उभे होते. दोऱ्या गुंडाळायचं थांबवून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मग मी रात्रभर बसले होते तिथं हळूच टेकले. शेजारच्या रिकाम्या जागेवरून एकदा हात फिरवला.

"किती वेळा म्हटलं त्यांना, एकदा मधल्या दगडावर बसू या," हे म्हणाले. "मला दिवसासुद्धा कधी आणलं नाही गं इथं."