वैशालीच्या पायाखालची कमान

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी डबा खाताना वाचतो आणि हसतो. त्यामुळे स्वतःचा लिहायला जरा लाजच वाटतेय...

मी मुरबाडचा, सिव्हिल इंजिनिअर. जुन्या दगडी कमानीच्या पुलावरून किती वजनाची गाडी सोडायची, ते तपासणं हे आमच्या ऑफिसचं काम. नियमांत नमुन्याच्या गाड्या ठरलेल्या असतात — एकूण वजन किती, कुठल्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, किती. तो भार कमान पेलते का, ते आधी गणितात बघायचं, मग खडीनं भरलेला डंपर उभा करून.

वैशाली ऑफिसात माझ्याबरोबरच लागली. सापगावची. गणितं माझी जास्त नेटकी, पण साहेब विचारणार तिलाच. "वैशाली, तुला काय वाटतं?" हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

गेल्या उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या मधला एक पूल तपासायला होता. नापास झाला असता तर पलीकडच्या गावांची एसटी बंद. भर दुपार. मी कोरड्या ओढ्यात, कमानीखाली. समोर डायल गेज — कमान किती दबली ते दाखवणारं. डंपर अजून लांब उभा... आणि सुई सरकली. चांगलीच!

"गाडी कोणी सोडली?" मी ओरडलो.

"गाडी नाय रे, मीच आहे वर," वैशालीचा आवाज.

एका बाईच्या वजनानं दगडी कमान अशी दबत नसते. गेज बदललं, तरी तेच. ती उतरली — सुई शून्यावर. साहेबांना गेजपाशी बसवून मी वर गेलो — शून्यावरच. ती परत चढली, तशी खालून साहेब ओरडले, "अरे, सुई तर डंपर उभा केल्यासारखी सरकली!"

"तुला काय जाणवलं?" मी तिला विचारलं.

"काय नाय. कुणीतरी सरकून जागा दिली, असं वाटलं."

मग डंपर आणला. कमान नियमात बसेल इतकीच दबली. पूल पास झाला. पुढच्या सगळ्या पुलांचं काम साहेबांनी वैशालीकडे दिलं.

खरं सांगतो, मला भीती वाटलीच नाही. हेवा वाटला. साहेबांचं एक वेळ समजू शकतो... पण दगडांनीसुद्धा तिलाच ओळखावं?

एका रविवारी मी एकटाच गेलो. गेज लावलं, समोर मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवला आणि कमानीच्या मध्यावर जाऊन चाललो, पाय आपटले, उड्या मारल्या. गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "काय पडलाय का तुमचा?"

"नाय बाबा," म्हटलं.

तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. सुई जागची हलत नाही. त्या दुपारी ती का हलली, ते साहेबांना सांगता येत नाही, मलाही नाही.