गाद्यांवरचा कॉम्प्युटर

लालबागच्या आमच्या एका खोलीत फोन गाद्यांच्या चळतीशेजारी होता आणि वायर आखूड. म्हणून त्या वायरीवरून इंटरनेट लावायचं झालं की मी कॉम्प्युटरचा डबा उचलून गाद्यांवर टेकवायचो. मुलीचा कॉलेजचा फॉर्म त्या संध्याकाळपर्यंत भरायचा होता आणि नेट लागलं की दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडत होता. मी ऑफिसात कॉम्प्युटरवाला म्हणून मिरवणारा. "व्हायरस आहे," असं मी तिसऱ्यांदा जाहीर केलं.

"पप्पा, मग फॉर्म पण व्हायरसच भरणार का?" मुलगी रडवेली झाली होती.

गिरणीत मशीनवर हयात घालवून संपानंतर घरी बसलेले माझे वडील उठले. त्यांनी डब्याच्या पाठीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"मेल्या, गादयेत घालून ह्येचो वारो कोंडलंस तू! तापात नाय तर काय करात?"

त्यांनी गाद्या हटवल्या, डबा त्याच जागी पाटावर मोकळा ठेवला आणि टेबलफॅन सोडला. अर्धा तास झाला तरी कॉम्प्युटर चालूच. फॉर्म गेला! मुलीने आजोबांना मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या. मी ऐटीत हात पुढे केला.

"तू नको रे," त्या म्हणाल्या, "बापाशीक बोलव."