खारातला आंबा आणि कोरियातला रस्सा

वरंधा घाट उतरताना एसटीच्या खिडकीतून महाडचं खोरं दिसलं आणि माझी बडबड थांबली. शेजारच्या बाईंना हायसं वाटलं असणार, कारण पुणे सोडल्यापासून मी त्यांना कोरियाच ऐकवत होते. मी आहारशास्त्र शिकवते. महिनाभराच्या अभ्यासवर्गासाठी तिकडे जाऊन नुकतीच परतले होते, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ते ज्ञान घेऊन पोलादपूरच्या डोंगरात निघाले होते.

महाडला गाडी बदलायची होती. स्टँडजवळ गरमागरम पोहे घेतले आणि सवयीने मालकांना विचारलं, "मीठ किती घालता हो?"

"आधी खाऊन बघा ताई. कमी वाटलं तर देतो की," ते म्हणाले. पोहे फर्मास होते. मी पुढे काही विचारलं नाही.

पोलादपूरला वैशाली उभीच होती. ही तिथल्या एका वाडीची आशाताई (आरोग्य स्वयंसेविका); मागच्या वर्षी एका प्रशिक्षणात आमची ओळख झाली. तिच्याच फोनमुळे मी आले होते. वाडीतल्या यमुनाकाकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी त्यांना दोनदा महाडला नेलं, आणि दोन्ही वेळा रक्तदाब चढलेला म्हणून परत पाठवलं. तिसरी तारीख तीन आठवड्यांवर आली होती. "या वेळी पण नाय झालं तर मुलगा घराला कुलूप लावून त्यांना मुंबईला नेणार हाय," वैशाली सांगत होती. "काकींना नाय जायचं. पण दिसतच नाय तर एकट्या ऱ्हानार कशा?"

रिक्षा सोडली तिथून पायवाट. भाताची कापणी झाली होती, खाचरांत वालाचे वेल पसरले होते आणि हवेत छान गारवा होता. वाटेत एक पऱ्ह्या (ओढा) लागला. "काकी रोज हाच वलांडतात," असं वैशाली म्हणते तोच माझा पाय शेवाळावरून सटकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात! मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, हे इथे नमूद केलेलं बरं.

"वैशाले, कोन गो ही? भिजली वाटतं," काकींनी दारातूनच ओळखलं. पायांचा पचपच आवाज ऐकला असावा. पहिलं काम त्यांनी केलं ते मला आपलं लुगडं नेसवायचं.

मग वैशालीने रक्तदाब पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. मी वही काढली. गोळी रोज घेता? घेते. जेवताना वरून मीठ?

"मीठ मी कदीच सोडलं बाय. डाक्टरानं बंद सांगितलान ना! घरात पिशवी पन नाय."

वैशालीने मान डोलावली. मी "मीठ: नाही" असं लिहून वही मिटली. कपडे वाळले असते तर मी तेव्हाच निघाले असते. पण ते चुलीवरच्या दोरीवर लटकत होते, म्हणून जेवायला थांबावं लागलं.

ताटात भाकरी, सुकटीचं कालवण, डाळ आणि खारातला आंबा (उन्हाळ्यात मिठाच्या पाण्यात मुरत घातलेली कैरी). डाळीचा पहिला भुरका घेतला आणि मी चमकले. चांगली खारट होती!

"काकी, मिठाशिवाय एवढी चव कशी?"

"बरनीतलं पानी घालते ना," त्या कौतुकाने म्हणाल्या. "डावभर. आंब्याचंच पानी. मीठ नाय हो त्यात एक खडा."

मला रडावं की हसावं कळेना. कोरियात महिनाभर हेच तर शिकले होते. तिथल्या संशोधकांनी लोकांची जेवणं बारकाईने तपासली, तेव्हा बरंचसं मीठ सापडलं ते रश्श्यांत, मसाल्यांत आणि किमचीत (मिठात मुरवलेल्या कोबीत), म्हणजे ज्याला कुणी मीठ समजतच नाही त्यात. मग सांगणं सुरू झालं, आतलं खा, रस्सा वाडग्यात राहू द्या. हळूहळू लोकांचं मीठ खरोखर कमी झालं. आणि मी, बसभर त्याचीच टिमकी वाजवत आलेली, इथे वही मिटून बसले होते. स्वतःचीच लाज वाटली.

काकींना समजावलं की बरणीतलं पाणी म्हणजे विरघळलेलं मीठच. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे माज्याच हातानं दोनदा परत आले मी?"

"काकी, तुमची काय चूक? मी पन कदी बरनीचं विचारलं नाय," वैशाली म्हणाली आणि लगेच कामाला लागली. डाळीला चिंच आणि ठेचलेला लसूण. सुकट गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मगच शिजवायची. आंबा नावापुरता, तोही धुऊन. गोळी चुकवायची नाही. बरणी तिने स्वतःच्या घरी नेली. "हिच्या पोटात जाईल आता!" काकी म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी शेजारणीला काहीही ऐकवलं नाही. तीन आठवडे पुरतील का, याची खात्री मला नव्हती. एवढं मात्र पटलं होतं की दूरदेशीचं शहाणपण इथे उपयोगी पडायचं, तर ते घेऊन येणाऱ्याने आधी चुलीपाशी बसून जेवलं पाहिजे.

तिसऱ्या तारखेला दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. संध्याकाळी तो वाजला. महाडहून वैशाली होती, पण तिला बोलूच न देता काकींनी फोन घेतला.

"घेतलान गो मला आत! एक डोळा झाला. पट्टी हाय, उद्या काढनार. पोराला सांगितलं, मी काय तुज्या मुंबईला येत नाय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. डोळे वाहत होते.

"ऐकतेस ना बाय?" काकी म्हणाल्या. "आता परत ये. माजं लुगडं नेसून गेलीस, पन तू दिसतेस कशी, ते मी अजून बगितलंच नाय."